एका तासात किती ताटं?

लेखा विभागाने पाठवलेला तक्ता अगदी साधा होता. महिना, एकूण ताटं, एकूण मनुष्यतास, आणि शेवटच्या रकान्यात ताटांना तासांनी भागून येणारा आकडा. खाली ‘आहार विभाग प्रमुख’ म्हणून माझी सही. मुंबईतल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ आहे. स्वयंपाकघराचा कारभार माझ्याकडे आला तेव्हाच ते बाहेरच्या कंत्राटदाराला द्यावं का, अशी चर्चा विश्वस्तांमध्ये सुरू झाली होती. कंत्राटदार एका खाटेचा एका दिवसाचा भाव सांगतो आणि मोकळा होतो. आमच्याकडे असा एकही आकडा नव्हता. तो काढा, असा निरोप होता.

भागाकाराला किती वेळ लागतो? पण काय कशाने भागायचं, हे ठरवण्यातच आमचे काही महिने गेले.

वरची संख्या घ्या. वॉर्डातून रोज सकाळी डाएट शीट येतं. त्यावर फुल, सॉफ्ट, लिक्विड, डायबेटिक, कमी मिठाचं, किडनीचं, आरटी फीड असे रकाने असतात. फुल डाएटचं काम मोठं पण सरळ: एका वाफेच्या टोपात दोनशे माणसांचं वरण शिजतं. किडनीच्या रुग्णाची भाजी मात्र बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं आणि मगच फोडणीला घालायची, कारण तिच्यातलं पोटॅशियम कमी करायचं असतं. मीठ मोजून, पातेलं वेगळं, डावही वेगळा. आठ जणांची भाजी आणि ऐंशी जणांची भाजी यांत चिरण्याचा वेळ बदलतो. फोडणी, ढवळणं, चव बघणं, पातेलं घासणं यांत फारसा फरक पडत नाही. तक्त्यात मात्र किडनीचं ताट एक आणि फुल डाएटचं ताटही एकच.

आरटी फीडची गोष्ट त्याहून वेगळी. नाकातून पोटात नळी घातलेल्या रुग्णाला दर दोन-तीन तासांनी पातळ आहार जातो. तो मिक्सरमधून काढायचा, गाळायचा (एक कण राहिला तरी नळी तुंबते आणि सिस्टरचा फोन येतो), बाटलीत भरायचा, बाटलीवर नाव, वॉर्ड आणि वेळ लिहायची. आमच्याकडे एक मावशी पाळीभर फक्त हेच करतात. लेखा विभागाच्या हिशेबाने त्यांची दिवसभराची ताटं शून्य, कारण त्यांच्या हातून ताट असं काही जातच नाही! त्यांचे आठ तास मात्र खालच्या संख्येत पूर्ण धरलेले.

मग चहा. मग नाश्ता. मग रात्रपाळीच्या डॉक्टरांचं जेवण, कॅन्टीनमधले वडे, नातेवाइकांचे कूपनवरचे डबे. शिवाय मुंबईचं धर्मादाय रुग्णालय म्हटलं की जैन ताट आलंच: कांदा, लसूण, बटाटा नाही, आणि पुष्कळांना ते सूर्यास्ताच्या आत हवं, म्हणजे संध्याकाळची एक फेरी जास्त. श्रावणी सोमवारी आणि एकादशीला डॉक्टरांनी कितीही सांगितलं तरी काही आजी जेवत नाहीत म्हणजे नाहीत. त्यांच्यासाठी साबुदाणा, वरी, उकडलेलं रताळं. रमजानमध्ये रात्रपाळीच्या माणसाला पहाटेच्या आधी सहरीची ताटं लावावी लागतात. संख्येने ही ताटं मूठभर, पण कामाला भारी.

या व्यवसायात यावर जुना तोडगा आहे: पूर्ण जेवण एक धरायचं आणि बाकी सगळ्याला त्याच्या मानाने वजन द्यायचं. वजनं कशी ठरवायची यावर मात्र सगळीकडे वाद आहेत. कुणी पैशाने ठरवतात: कॅन्टीनची विक्री भागिले सरासरी जेवणाची किंमत. आमच्या कॅन्टीनचा वडापाव मुद्दाम स्वस्त ठेवलेला असल्याने ते आम्हाला गैरसोयीचं होतं. आम्ही वेळेने ठरवलं. नाश्त्याला अर्धं ताट. चहा वेगळा मोजायचा, ताटांत मिसळायचा नाही. आरटी फीडच्या रुग्णाचा अख्खा दिवस धरायचा आणि त्याला लागणाऱ्या मिनिटांवरून ताटं काढायची. किडनीचं आणि जैन ताट एकपेक्षा जास्त. लेखा विभागातले साहेब म्हणाले, ‘मॅडम, हे तुम्ही तुमच्या सोयीने केलंय.’ होतंच थोडंसं. पण गैरसोयीने ठरवलेलं वजन जास्त खरं असतं, असं कुठे आहे?

त्यानंतरचा प्रश्न: शिजवलेलं ताट मोजायचं, गेलेलं, की खाल्लेलं? डाएट शीट सकाळी येतं, डिस्चार्ज त्यानंतर होतात. साडेबाराला ताट वॉर्डात पोचतं तेव्हा खाटेवर नवी चादर घातलेली असते. उलट, ऑपरेशनसाठी सकाळपासून उपाशी ठेवलेल्या रुग्णाचं ऑपरेशन दुपारी रद्द होतं आणि तीन वाजता फोन येतो, ‘पेशंटला काहीतरी पाठवा.’ हे उशिराचं ताट एक माणूस एकट्याने गरम करतो, लावतो, चार मजले चढून देऊन येतो. आम्ही वॉर्डात रुग्णाच्या हातात पडलेलं ताटच धरायचं ठरवलं. लगेच आकडा खाली आला आणि मला दोन जणांना उत्तरं द्यावी लागली.

आता खालची संख्या. हजेरीपट सांगतो तास, पण कुठले? पगार दिलेले की प्रत्यक्ष काम केलेले? पगारी तासांत साप्ताहिक सुट्टी नसली तरी रजा, आजारपण, प्रशिक्षण सगळं येतं. हा हिशेब मी विश्वस्तांना कागदावर मांडून दाखवला, कारण ‘एका चुलीला एक माणूस’ हा त्यांचा समज फार पक्का होता. रुग्णालय वर्षाचे ३६५ दिवस जेवतं. माणसाच्या वर्षातून ५२ साप्ताहिक सुट्ट्या गेल्या, समजा ३० दिवस रजेचे गेले, उरले २८३. म्हणजे रोज भरलेली हवी अशी एक जागा चालवायला साधारण १.२९ माणूस लागतो. दहा जागांना तेरा माणसं. वरची तीन त्यांना ‘जादा’ वाटत होती. ती जादा नव्हती, ती कुणाच्या तरी रविवारच्या जागी उभी होती.

बदली कामगार, कंत्राटी भांडीवाले, कोठीतला कारकून, ट्रॉली वर नेणारे वॉर्डातले मामा, आणि मी स्वतः. यातले कुणाचे तास धरायचे? ट्रॉली ढकलणारे मामा नर्सिंग विभागाच्या हजेरीपटावर आहेत. त्यांना वगळलं तर आमचा आकडा छान दिसतो. आम्ही धरलं. माझे तास निम्मे धरले, कारण उरलेला वेळ मी रुग्णांजवळ असते. असते म्हणण्यापेक्षा, असायला हवी.

सगळं ठरल्यावर आकडा आला आणि साहजिकच पुढचा प्रश्न आला: हा चांगला की वाईट? अमेरिकेतल्या पाठ्यपुस्तकांत तीव्र उपचारांच्या रुग्णालयासाठी तासाला साधारण ३.५ ताटं आणि शाळेच्या स्वयंपाकघरासाठी १३ ते १५ असे अंदाज दिलेले असतात. शाळेचा आकडा मोठा का, हे उघड आहे: एकच पदार्थयादी, सगळे एकाच वेळी जेवणार, आणि आपापलं ताट खिडकीवरून घेऊन जाणार. पण त्या ३.५ शी आपली तुलना करताना माझा हात अडला. तिथे ब्रेड पाकिटातून येतो, भाज्या सोललेल्या-चिरलेल्या किंवा गोठवलेल्या येतात, ताटं पट्ट्यावर सरकत भरली जातात. आमच्याकडे पहाटे पाचला कणीक मळायला घेतली जाते. मेथी जुडीने येते, लसूण किलोने येतो, आणि दोन्ही निवडायला-सोलायला माणसं बसतात. ब्रेडमागचे तास बेकरीच्या हजेरीपटावर असतात, चपातीमागचे माझ्या. तरी एका विश्वस्तांनी विचारलंच, ‘मग आपण कुठे आहोत, साडेतीनच्या वर की खाली?’

वर की खाली यापेक्षा तास जातात कुठे, हे मला हवं होतं. एकेका माणसामागे घड्याळ घेऊन दिवसभर उभं राहणं शक्य नव्हतं आणि शोभलंही नसतं. त्यासाठी एक स्वस्त पद्धत आहे. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ एल. एच. सी. टिपेट यांनी १९३० च्या दशकात ती कापड गिरण्यांसाठी मांडली: सतत बघत बसू नका, कुठल्याही ठरावीक नसलेल्या क्षणी एक नजर टाका आणि त्या क्षणी कोण काय करतंय ते लिहा. अशा पुरेशा नजरा साठल्या की कुठल्या कामात किती टक्के वेळ जातो ते कळतं. क्षण आपण निवडायचे नाहीत, नाहीतर आपण नकळत चहाच्या वेळेलाच जातो. ते यादृच्छिक अंकांच्या कोष्टकातून काढायचे. गंमत म्हणजे असं कोष्टक पहिल्यांदा छापलं तेही टिपेट यांनीच, १९२७ मध्ये, ४१,६०० अंकांचं. मी मोबाइलवरून वेळा काढल्या. नजरा किती हव्यात याचंही सूत्र आहे: ९५ टक्के खात्री आणि पाच टक्क्यांच्या आत चूक हवी असेल, तर जास्तीत जास्त ३८५. प्रत्येक पाळीसाठी वेगळ्या, शिवाय रविवार आणि सणवार धरून, म्हणून आमच्या पुष्कळ जास्त झाल्या.

कापड गिरणी हा शब्द आमच्या स्वयंपाकघरात नुसता शब्द नाही. मुख्य आचारी, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते परळच्या चाळीत वाढलेले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात त्यांच्या वडिलांची गिरणी सुटली ती कायमची. मी नोंदींचा कागद दाखवला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, मोजायला माणूस आला की पुढे पटावरची नावं कमी होतात. आमच्या घरात हे आजोबांपासून ऐकलेलं आहे.’ आजोबांचं ऐकलेलं खोटं नव्हतं. १९२८ चा मुंबईतला मोठा गिरणी संप ज्या कारणांनी पेटला, त्यांत एका विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत हा मालकांचा बेत होता. अशा माणसाला ‘हे तुमच्याच भल्यासाठी आहे’ असं सांगायला माझी जीभ रेटली नाही.

म्हणून अटी ठरल्या. कागदावर कुणाचंही नाव येणार नाही, फक्त जागा: ‘चपाती’, ‘भाजी’, ‘ताट लावणं’, ‘भांडी’. नोंदी करतील इंटर्न मुली, सुपरवायझर नाही. आठवड्याचा गोषवारा आधी कामगार प्रतिनिधींना, मग लेखा विभागाला. आणि ‘थांबलेला’ या रकान्याचे दोन भाग: स्वतःहून थांबलेला आणि थांबावं लागलेला. दुसरा भाग काकांनी सुचवला. सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा रकाना तोच ठरला.

सुरुवातीच्या आठवड्यात स्वयंपाकघर लखलखत होतं. मुलगी दारात दिसली की ओटा दुसऱ्यांदा पुसला जायचा. त्या नोंदी बाजूला ठेवल्या. हळूहळू मुलींचं अप्रूप संपलं, त्यांना चहा मिळू लागला, मावश्या त्यांच्या लग्नाची चौकशी करू लागल्या, आणि मग खऱ्या नोंदी यायला लागल्या.

चपात्यांचा वाटा सर्वांत मोठा, हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. भाजी निवडणं-चिरणं त्याच्या खालोखाल. मला न दिसलेली गोष्ट होती ती ट्रॉलीची. ‘थांबावं लागलेला’ या रकान्यातल्या बहुतेक नोंदी लिफ्टच्या दारापाशी होत्या. आमच्या इमारतीत मोठी लिफ्ट एकच. स्ट्रेचर आलं की त्याला आधी जागा, आणि ते बरोबरच आहे. पण दुपारी बाराच्या सुमाराला धुतलेल्या चादरींची गाडी, कचऱ्याची गाडी, एक्स-रेला नेलेले रुग्ण आणि आमच्या ट्रॉल्या सगळे एकदमच तिथे येत. दोन माणसं, पन्नास ताटं, आणि वर कुठेतरी अडकलेली लिफ्ट. अन्नसुरक्षेच्या नियमाप्रमाणे गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवं. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत वाटीतलं वरण कधीच त्याच्या खाली उतरलेलं असे. मग वॉर्डातून तक्रार, मग ताट परत, मग पुन्हा गरम करणं. ते तासही आमच्याच नावावर.

दुसरी गळती टेलिफोनवर होती. डाएट शीट सकाळी आठला यायचं, डॉक्टरांचा राउंड नऊनंतर सुरू व्हायचा. त्यामुळे आलेलं शीट मुळात कालचंच. राउंड संपला की ‘बारा नंबरला लिक्विड करा’, ‘सात नंबरचं मीठ बंद’ असे फोन ताटं लावायच्या ऐन धांदलीत. ताट लावणारा हात थांबवून फोन घेतो, कार्ड शोधतो, लावलेलं ताट बाजूला काढतो. प्रत्येक बदल दोन-तीन मिनिटांचा, पण त्यामागे अख्खी रांग थांबते.

या काळात आकड्याचं एक रूप दिसलं त्याने मी चक्रावले. सर्वांत चांगला आकडा कुठल्या दिवशी यावा? ज्या दिवशी गैरहजेरी सर्वांत जास्त. गणपतीत अर्धं स्वयंपाकघर कोकणात गेलेलं असतं. ताटं तेवढीच, माणसं कमी, म्हणून भागाकार झकास. त्या दिवशी कोशिंबीर झालेली नसते, दोन भाज्यांची एक होते, फरशी उद्यावर जाते आणि उरलेली माणसं दुसऱ्या दिवशी पाठ धरून येतात. दिवाळीत उलटं: ज्यांना शक्य आहे ते रुग्ण घरी जातात, खाटा रिकाम्या, माणसं कामावर, आकडा पडलेला. लेखा विभागाच्या तक्त्यावरून कुणी बक्षीस द्यायचं ठरवलं असतं तर ते गणपतीतल्या गैरहजरांना गेलं असतं.

तेव्हापासून मी तो आकडा एकटा पाठवणं बंद केलं. सोबत तीन गोष्टी जातात: वॉर्डात ताट पोचताना वरणाचं तापमान, परत आलेल्या ताटांत किती उरलं, आणि ताटामागे मजुरी अधिक माल मिळून रुपये. उरलेलं अन्न आम्ही तोलत नाही, तेवढी माणसं कुठे आहेत? भांड्यांच्या खिडकीत उभं राहून नजरेने पाव, अर्धं, पाऊण, सगळं असं लिहितो. थोड्या सवयीने ते पुरेसं बरोबर येतं.

रुपयांचा रकाना का हवा, ते चिरलेल्या भाजीने शिकवलं. एका पुरवठादाराकडून सोललेला लसूण, कापलेला कांदा, चिरलेली भाजी घेऊन पाहिली. तासाला ताटं लगेच वाढली. खर्चही वाढला, कारण निवडणाऱ्या मावश्या होत्याच, वर पुरवठादाराचं बिल. शिवाय चिरलेली पालेभाजी पाच अंशांच्या आत ठेवायला हवी आणि आमची शीतखोली दुधानेच भरलेली. शेवटी सोललेला लसूण आणि कापलेला कांदा राहिला, बाकी परत जुडीवर. लसूण सोलण्यातून सुटलेल्या एका मावशी आरटी फीडला दुसऱ्या पाळीत गेल्या. तिथे माणूस हवा, असं मी दोन अर्जांत लिहून थकले होते. नोंदींच्या कागदाने ते काम केलं.

चपातीचं यंत्रही आलं होतं, चाचणीपुरतं. काय वेग! पण चपाती झाकणाखाली अर्धा तास राहिली की तिची वाकायची इच्छा संपते, आणि आमच्या रुग्णांत दात नसलेले पुष्कळ. खिडकीतल्या नोंदींत ‘सगळं उरलं’ हा रकाना चपातीपुरता फुगला. यंत्र गेलं. कणीक मळायचं मोठं यंत्र मात्र घेतलं, त्याला कुणाचीच हरकत नव्हती. खांदे सगळ्यांचेच दुखत होते.

लिफ्टचा प्रश्न कागदावर फारच सोपा होता: जेवणाच्या वेळेत पाऊण तास कचरा आणि चादरी खाली थांबतील. प्रत्यक्षात त्यासाठी हाउसकीपिंग, नर्सिंग आणि सुरक्षा अशा तिघांच्या बैठका लागल्या. ‘तुमच्या चपात्यांसाठी आमच्या चादरी थांबवायच्या का?’ असा सरळ प्रश्न आला. तापमानाच्या नोंदी पुढे ठेवल्यावर मान्य झालं, निदान दुपारपुरतं. रात्रीचं अजून अडलेलंच आहे. डाएट शीट राउंडनंतर, साडेदहाला घ्यायचं ठरलं. तोवर आचारी जे सगळ्यांना लागणारच आहे ते करून ठेवतात आणि वेगळी पातेली शेवटी चढतात. फोन पूर्ण थांबले नाहीत, पण ते आता ताट लावण्याच्या आधी येतात. वर मोठे सर्जन राउंडला उशिरा आले की सगळं मुसळ केरात, ते वेगळं.

कंत्राटाचं काय झालं? आलेल्या निविदा मी आमच्याच पद्धतीने उलगडल्या. खाटेमागचा भाव आमच्यापेक्षा कमी दिसत होता. बारीक अक्षरांत आरटी फीड बाटलीमागे वेगळं, गॅस आणि पाणी रुग्णालयाचं, ट्रॉली वॉर्डापर्यंत नेणारी माणसं रुग्णालयाची. हे सगळं मिळवल्यावर फरक इतका थोडा उरला की विषय पुढच्या बैठकीवर गेला, आणि तिथून त्याच्या पुढच्या. काकांच्या पटावरचं एकही नाव अजून कमी झालेलं नाही. निवृत्त झालेल्या दोघांच्या जागा मात्र भरलेल्या नाहीत, आणि त्यावर ते माझ्याकडे कसे बघतात ते मला ठाऊक आहे. तासाला ताटांचा आकडा त्यामुळे वाढला आहे.

सध्या नवं प्रकरण निघालंय. ट्रस्टच्याच दुसऱ्या रुग्णालयाशी आमची तुलना करायची आहे. त्यांचा आकडा आमच्या दीडपट. मी फोन करून त्यांच्या आहारतज्ज्ञ मुलीला विचारलं तर ती म्हणाली, ‘ताई, आम्ही चहा पण धरतो, आणि ट्रॉलीवाले मामा नाही धरत.’ आता दोघी बसून एकच वजनांचा तक्ता करतोय. नाश्त्याला अर्धं ताट द्यायचं की पाव, यावर आमचं अजून जमलेलं नाही. त्यांच्याकडे नाश्त्याला ब्रेड-बटर असतं, आमच्याकडे उपमा.